सगुणेला झाकलेलं दिसू लागलं

एकदा काय झालं, एका गावात सगुणा नावाची एक मुलगी होती. गाव कुठलं म्हणाल, तर लांब, सात टेकड्यांच्या पलीकडचं. तिथे राजा होता का? होता. पण तो आपल्या गोष्टीत यायचा नाही. तो बसलाय त्याच्या वाड्यात लोडाला टेकून. आपण आपले सगुणेच्या घरी जाऊ.

सगुणेच्या घरी तीनच माणसं. ती, तिचा हैबतीदादा आणि येसूवहिनी. आईबाप ती लहान असतानाच गेलेले. पण वहिनी अशी मायेची, की सगुणेची वेणी घातल्याशिवाय स्वतःच्या केसांना फणी लावायची नाही. आणि त्या वर्षी, बरं का, वहिनीला दिवस गेले होते. घरात बाळ येणार होतं.

मग आला आश्विन महिना. गावातल्या मुली रोज संध्याकाळी सगुणेच्या अंगणात भोंडल्याला जमायला लागल्या. मधे पाट ठेवायचा. पाटावर तांदळाचा आणि डाळीचा हत्ती काढायचा. त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची. आणि गाणी संपली की खिरापत. रोज एकेका घरची पाळी. ज्यांची पाळी त्यांनी खाऊ करायचा, डब्यात घालायचा, झाकण घट्ट लावायचं आणि डबा हलवून विचारायचं, ‘ओळखा!’ ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. अशी रीत.

पाटावरचा हत्ती सगुणा काढायची. तिचा हात फार सुरेख. डोळ्याच्या जागी ती लाल गुंज ठेवायची, म्हणजे हत्ती अगदी बघतोय असं वाटायचं. पण खिरापत? ती काही तिला कधी ओळखता आली नाही. डबा खुळखुळ वाजला तरी ती म्हणायची, ‘शिरा!’

मग तिची मैत्रीण ठकी पोट धरून हसायची. म्हणायची, “अगं वाजणारा शिरा तुझ्या सासरी करतील हं!”

सगळ्या हसायच्या. सगुणाही हसायची. पण आत कुठेतरी टोचायचं.

एका संध्याकाळी सगळ्या घरी गेल्या आणि सगुणा पाटाजवळ एकटीच बसली. तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. तर कोणीतरी म्हणालं, “ए पोरी, माझ्या पाठीवर पाणी पाडू नकोस. तांदूळ भिजतात.”

कोण बोललं? हत्ती! पाटावरून त्याने सोंड वर उचलली होती आणि गुंजेचा डोळा लुकलुकत होता. सगुणा आधी घाबरली. मग तिने डोळे पुसले आणि सगळं सांगून टाकलं.

हत्ती म्हणाला, “मग तुला हवंय तरी काय?”

“मला झाकलेलं सगळं दिसू दे.”

“सगळं? नीट विचार कर.”

“हो. सगळं!”

हत्तीने आपली तांदळाची सोंड तिच्या एका पापणीला लावली, मग दुसरीला. आणि पुन्हा पाटावर आडवा होऊन गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी ठकीच्या घरची पाळी होती. ठकीची आई, गोदाकाकू, फार हिकमती बाई. तिने मोठ्या डब्यात लहान डबा घातला होता आणि त्यात खाऊ. ती डबा हलवणार, तेवढ्यात सगुणा म्हणाली, “वाटली डाळ. वर खोबरं. एक मिरची काढायची राहिलीय.”

झाकण उघडलं तर तस्संच! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ठकीने तिला मिठीच मारली. त्या रात्री सगुणा इतकी छान झोपली म्हणता!

मग तिसऱ्या दिवशीही तिने ओळखलं. चौथ्या दिवशीही. काकवा, मावश्या डोकं चालवून चालवून दमल्या. कोणी डब्यात फडकं कोंबलं, कोणी खाऊबरोबर खडे घातले. सगुणेपुढे काही चालेना. डबा अंगणात यायचा, सगुणा सांगायची, झाकण उघडायचं, खायचं, संपलं. आधी कसं, गोड की तिखट, ओलं की कोरडं, कुणाच्या घरी काय बिघडलं, कुणाची आजी काय म्हणाली, असं दिवेलागण होईपर्यंत चालायचं. आता हात पुसले की मुली म्हणायच्या, “चला, जाते मी.” ज्या बाईने खपून केलेलं असायचं, ती झाकण हातात धरून तशीच उभी राहायची.

सगुणेला वाटलं, आज घाई असेल सगळ्यांना.

मग काय झालं, हैबतीदादा बाजाराहून आला. येताना उपरण्यात काहीतरी गुंडाळून आणलेलं. वहिनी दारात उभी. दादा गालातल्या गालात हसत होता. आता तो म्हणणार, डोळे मिट. मग वहिनी म्हणणार, काय आणलंय? मग तो म्हणणार, काही नाही, वांगी आणलीत. पण तेवढ्यात सगुणा आतूनच ओरडली, “दादा, हिरव्या बांगड्या आणल्यास? वहिनी, पदरासारख्या हिरव्यागार आहेत बघ!”

दादाने उपरणं सोडलं आणि बांगड्या वहिनीच्या हातावर ठेवल्या. “घे,” म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. बांगड्या छान होत्या. वहिनीने भरल्याही. पण काहीतरी उणं राहिलं, आणि ते काय हे सगुणेला कळेना.

मग आलं वहिनीचं डोहाळजेवण. वहिनीला फुलांचा मुकुट, फुलांचे बाजूबंद. गावातल्या बायका ओटी भरायला आलेल्या. शेवटी वहिनीपुढे दोन वाट्या उपड्या ठेवल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा होणार, बर्फी निघाली तर मुलगी. आता खरंच तसं होतं असं नाही, बरं का. पण त्या वेळी सगळ्या बायका श्वास रोखून बसतात. पुढे झालेल्या, मागे बसलेल्या, सगळ्या त्या एका हाताकडे बघतात. वहिनीने हात पुढे केला. तो उजव्या वाटीकडे गेला, मग डाव्या वाटीकडे.

“वहिनी, ती बर्फीची!” सगुणा म्हणाली. “पेढा उजवीकडे आहे.”

वहिनीचा हात तिथेच थांबला. मग तो हळूहळू मागे आला आणि मांडीवर जाऊन बसला.

“आता कुठली उचलू?” वहिनी म्हणाली. “दोन्ही कळल्या.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. वहिनी रागावली नाही हो, ती रागावणारी नव्हतीच. सगळ्या गेल्यावर तिने सगुणेला जवळ घेतलं आणि म्हणाली, “सगुणे, बाळ येईल तेव्हा मला सगळं कळणारच आहे गं. तो एवढासा वेळ मला न कळता हवा होता.”

दुसऱ्या दिवशी सगुणेने अंगण सारवलं, पाट मांडला, हत्तीची सोंड सारखी केली आणि वाट बघत बसली. कोणीच आलं नाही. मग तिच्या कानावर गाणी आली. कुठून? ठकीच्या अंगणातून. मुलींनी तिकडे दुसरा पाट मांडला होता.

सगुणा तिकडे धावली. ठकी दारात होती. ठकी म्हणाली, “ये ना, ये.” पण सगुणेला झाकलेलं सगळं दिसत होतं ना? आजवर तिचं लक्ष नुसतं डब्यांवर होतं, पण माणूस मनात जे झाकून ठेवतं, तेही दिसत होतं. ठकीच्या हसण्याखाली तिला स्वच्छ दिसलं, ‘आली ही. आता संपला आमचा खेळ.’ तिने बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांच्या मनात तेच.

सगुणा उंबऱ्यावरूनच परतली. आणि हत्तीपुढे बसून म्हणाली, “तुझं दान परत घे. मला नको ते. मला माझ्या मैत्रिणी हव्यात.”

हत्ती म्हणाला, “माझी सोंड देते, परत घेत नाही. पण एक उपाय आहे. आजवर दुसऱ्यांनी झाकलं आणि तू उघडलंस. आता तू काहीतरी झाक. लोक चुकतील, तुला चिडवतील, तरी त्यांनी ओळखेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मग नजर आपोआप निवळेल. पण ऐक, उद्या भोंडल्याचा शेवटचा दिवस. उद्या संध्याकाळी मला मोडून माझे दाणे पाखरांना घालतात. त्याच्या आत झालं तर झालं. नाहीतर हे डोळे जन्माचे.”

आणि शेवटच्या दिवशी खिरापतीची पाळी कोणाची? सगुणेच्याच घरची.

सकाळी उठून ती चुलीपुढे बसली. वहिनी म्हणाली, “मी करते गं.” सगुणा म्हणाली, “नको, मी करणार.” वहिनी म्हणाली, “काय करतेस सांग तरी.” सगुणा म्हणाली, “नाही सांगणार.” तेव्हा वहिनी हसली. त्या डोहाळजेवणानंतर ती पहिल्यांदाच अशी हसली, आणि मुद्दाम पाठ फिरवून बसली.

संध्याकाळी सगुणा डबा घेऊन ठकीच्या अंगणात गेली. सगळ्यांच्या मनातलं तिला दिसत होतं, आणि त्यातलं काहीच चांगलं नव्हतं. तरी ती फेरात शिरली, सगळी गाणी म्हटली. मग डबा मधे आणून तिने हलवला. आवाजच नाही! तिने आत केळीचं पान दाबून घातलं होतं.

“ओळखा,” ती म्हणाली.

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, “लाडू?” सगुणेने मान हलवली. “सांजा?” “नाही.” “मुरमुरे?” “अगं, मुरमुरे वाजतात!” “मग कापूस असेल!” “नाहीतर हैबतीदादाला बसवलाय आत, घोरत नसेल म्हणून वाजत नाही!”

हसता हसता मुली लोळायला लागल्या. पण ठकी नाही हसली. ती म्हणाली, “डबा रिकामा आहे. दुसऱ्यांचं सगळं सांगून टाकायचं, आणि स्वतः करायची वेळ आली तर रिकामा डबा! बघा काय शहाणी आहे.”

सगुणेच्या ओठांवर आलं होतं, ‘रिकामा नाही गं, पहाटेपासून राबलेय.’ झाकण उघडलं की काम झालं. दोन बोटांचं काम. तिने पदराचं टोक दातांत धरलं आणि डबा पोटाशी घट्ट धरून बसून राहिली. दिवस मावळत आला. आता हत्ती मोडायची वेळ होणार. पण ती बोलली नाही.

तेवढ्यात सगळ्यांत लहान चिंगी सरकत सरकत जवळ आली आणि तिच्या हाताकडे बघून म्हणाली, “तुझ्या बांगडीला भोपळा लागलाय.” मग जरा थांबली आणि किंचाळली, “घारगे! घारगे!”

झाकण उघडलं. लाल भोपळ्याचे घारगे! काही करपलेले, काही वाकडे, पण गोड. मुलींनी एकच गलका केला. “अगं बाई, माझ्या तोंडात होतं ते!” “खोटं, तू कापूस म्हणालीस!” सगळ्या एकदम बोलत होत्या आणि एकदम खात होत्या.

पाळी नसली तरी शेवटचा दिवस म्हणून ठकीनेही एक डबा आणला होता. तिने तो सगुणेच्या पुढे आपटला. म्हणाली, “हं, सांग. तुला कळतंच ना सगळं.”

सगुणेने डब्याकडे पाहिलं. पितळ दिसलं. पितळेवर तिचं स्वतःचं तोंड दिसलं. आतलं? काही नाही! ती ठकीकडे वळली. ठकीचं गोल तोंड, नाकावर घाम. त्याच्या आतलं काही दिसेना. सगुणेला केवढा आनंद झाला!

“शिरा,” ती म्हणाली.

डबा तर आपटताना खुळखुळ वाजला होता! ठकीने हसू दाबायचा खूप प्रयत्न केला, पण ते नाकातून बाहेर आलं.

मग सगुणेला विचारावंच लागलं. “ठके, रागावलीस का गं माझ्यावर?”

“होते रागावलेली,” ठकी म्हणाली. “आता भूक लागलीय. तो करपलेला दे, मला करपलेला आवडतो.”

त्या संध्याकाळी मुली घरी जाईनात. आया येऊन हाका मारून गेल्या, तरी जाईनात. शेवटी सगळ्याजणी मिळून सगुणेच्या अंगणात गेल्या आणि हत्तीचे दाणे पाखरांसाठी कौलांवर उधळले.

मग दिवाळी झाली, थंडी पडली आणि वहिनीला बाळ झालं. गोजिरवाणं! मग बारसं आलं. बारशाला बाळाचं नाव कोण सांगतं? आत्या. आणि आत्या कोण? आपली सगुणा! दादा-वहिनीने नाव ठरवलं होतं आणि ते तिला एकटीला सांगितलं होतं. सकाळपासून ठकी मागे लागली, “सांग ना, सांग ना, मी कोणाला नाही सांगणार.” गोदाकाकूने लाडू देऊ केला. चिंगीने तर पाय आपटले. सगुणा नुसती हसायची आणि कामाला लागायची. नाव पोटात ठेवून हिंडायला तिला इतकं गोड वाटत होतं, की ते संपूच नये.

मग पाळणा सजला. बायका गोळा झाल्या. सगळीकडे शांत झालं. वहिनीने सगुणेकडे पाहिलं, मान हलवली. सगुणा वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू म्हणाली, “कुर्रर्र...” आणि नाव सांगितलं. बाळाने डोळे उघडले. आणि मागून सगळ्या बायकांनी आत्याबाईच्या पाठीत धपाधप धपाटे घातले, रीतच आहे तशी, आणि सगुणा पाळण्याची दोरी धरून हसत सुटली.

ते सगळे मग सुखाने राहिले. सण आला की एकत्र जेवले, सण नसला तरी ओसरीवर एकत्र बसले.

काय रे? नाव काय ठेवलं म्हणतोस? मुलगा होता की मुलगी? ते बाळाच्या कानात सांगितलंय, मला कसं ऐकू येणार? मिटा डोळे, घ्या पांघरूण, आणि ओळखत ओळखत झोपा.