समुद्राकडे पाठ

एकदा एक तरुण स्त्री आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन एका वृद्ध गुरूंच्या शिडाच्या नौकेवर राहायला गेली. गुरू जन्मभर समुद्रावर हिंडलेले, नौकानयनाचे जाणकार. आता ते भूमध्य समुद्रातल्या बेटांमधून सावकाश फिरत, आणि कोणी मनापासून शिकू इच्छिलं तर शिकवत. मायलेकी दोघीही त्यांना आबा म्हणत. नवऱ्याला रजा मिळाली की तो येऊन मिळणार होता.

शिकायला निघताना तिच्या मनात एक चित्र होतं. निळं पाणी, पांढरी घरं आणि एकेक बेट पायी हिंडून पाहणारी ती व तिची लेक. प्रत्यक्षात उन्हाळा सरत आला तरी तिने एकही बेट धड पाहिलं नव्हतं. पाय जमिनीवर असले की जीव नौकेवर. नौकेवर असली की जीव मुलीत. मुलगी झोपली की तो पुन्हा नांगराच्या साखळीत. साखळी जरा करकरली की ही उठून बसे. शिडं ओढूनही आला नसता एवढा थकवा तिला या पहाऱ्याने आला होता. तेव्हा तिने ठरवून टाकलं होतं, पुढच्या बंदरात आबांना सांगायचं: आम्ही घरी जातो. काही माणसांना समुद्र मानवत नाही, त्यातली मी एक. वाक्य तयार होतं, अनेकदा घोकूनही झालं होतं. धीर तेवढा गोळा व्हायचा होता.

अशात एका सकाळी ते एका लहानशा बेटाच्या खाडीत शिरले. धक्क्याला अगदी लागून एका व्यापाऱ्याची नवी कोरी नौका उभी होती. तिच्या पुढच्या टोकाकडून नांगराची साखळी पाण्यात गेली होती, ताठ, सरळ. नौका जागची हलत नव्हती. किती शहाणा माणूस, असं तिला वाटलं. आबांनी मात्र दूर, खाडीच्या मध्यावर नांगर टाकला.

"अहो आजोबा, बेट इकडे आहे!" व्यापारी कॉफीचा पेला उंचावून ओरडला. "तिकडे काय मासे पकडणार?"

"म्हाताऱ्याला हवा लागते, शेटजी," आबा म्हणाले.

किनाऱ्यावर जाण्यासाठी ती मुलीसह लहान होडक्यात उतरली. तेवढ्यात वरून खडखडाट ऐकू आला. आबा नौकेच्या पुढच्या टोकाशी उभे राहून साखळी आणखी सोडत होते. थोडीथोडकी नव्हे, होती तेवढीच पुन्हा.

"आबा, हे काय? दुपारी वारा वाढेल म्हणालात ना?"

"म्हणूनच."

"मग घट्ट करायची की सैल सोडायची?"

"मुलीची टोपी घेतलीस का?" आबांनी विचारलं आणि ते होडक्यात उतरले.

टोपी घेतली होती. दोन घेतल्या होत्या. वल्ही तिच्याच हातात आली आणि धक्का येईतो तिचे खांदे भरून आले. एवढ्या लांब नांगर टाकायचं कारण तिने विचारलं नाही; उत्तर ऐकण्याइतकीही ताकद नव्हती.

नौकेवर एक नियम होता. मुलीच्या अंगात कायम पट्टा, पट्ट्याला दोरी, आणि दोरीची कडी कुठेतरी पक्की अडकवलेली. बेटावर कडी अडकवायला जागा नव्हती, म्हणून आईने ती स्वतःच्या कमरेला अडकवली. पट्टा काढायचा असतो, हे तिच्या मनातही आलं नाही.

"बकरी गोड आहे हो तुमची!" धक्क्यावरून व्यापारी म्हणाला.

"बेंऽऽ!" मुलीने तत्काळ उत्तर दिलं. आई हसली, पण तोंडापुरती.

टेकडीवर दगडी बांधांच्या पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर ऑलिव्हची झाडं. हवेला ओव्यासारखा वास येत होता. चिंचेसारख्या काळ्या शेंगा लोंबणाऱ्या एका झाडाखाली आबा थांबले. समुद्राकडे पाठ करून बसले, पिशवीतून पाव, चीज आणि टोमॅटो काढले आणि निवांत खाऊ लागले. ती समुद्राकडे तोंड करून बसली. मुलगी दोरी पुरेल तेवढ्या बेटावर हिंडत होती.

"आई, सरडा!"

"हं."

"आई, बघ ना, त्याला शेपूटच नाही!"

"बघितलं, राणी."

तिने बघितलं नव्हतं. वारा उठला होता. खाडीभर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या आणि त्यांची नौका एका बाजूला दूर दूर सरकत चालली होती.

"आबा, आपली नौका सुटली!"

"सुटली नाही. फिरतेय."

"तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत!"

"नाही पाहिलं," आबा पाव मोडत म्हणाले.

ती ताडकन उठली. कमरेच्या दोरीला हिसका बसला आणि बांधाशी वाकलेली मुलगी दगडांवर गुडघ्यांवर आपटली. तिने भोकाड पसरलं. आईने तिला उचलून छातीशी धरलं. त्याच वेळी खालून आरडाओरडा ऐकू आला. व्यापाऱ्याची नौका जागची निघाली होती. ताठ साखळीने वाऱ्याच्या एका झटक्यासरशी नांगर तळातून उपटला होता आणि नौकेची मागची बाजू धाड धाड धक्क्यावर आपटत होती. व्यापारी मध्ये घालायला हातात उशी घेऊन इकडून तिकडे धावत होता. आणि त्यांची स्वतःची नौका? ती दूरवर जाऊन, वळसा घेऊन, सावकाश परत येत होती.

आबांनी बाटलीतल्या पाण्याने मुलीचा गुडघा धुतला. मग म्हणाले, "साखळी आखूड असली की ओढ वर जाते आणि नांगर उपटतो. लांब असली की निम्मी साखळी वाळूत पडून राहते. मग ओढ आडवी लागते आणि नांगर अधिकच रुततो. नौकेला हिंडायला मिळतं, म्हणून ती टिकते."

ती मान हलवत म्हणाली, "म्हणजे काळजी सोडून द्यायची. मला हे सगळेच सांगतात, आबा. सासूबाई सांगतात, डॉक्टर सांगतात. मला जमत नाही हो."

"काळजी करू नकोस असं कोण म्हणालं? मी केली की! सकाळी. खडक किती दूर, शेटजी किती दूर, तळाला वाळू की गवत, सगळं पाहिलं. म्हणून तर तुला एवढं वल्हवायला लावलं. आधी मोकळी जागा पाहिली, मग साखळी दिली. तिथे माझं काम संपलं, पुढचं नांगराचं. तू मात्र सकाळपासून नौका डोळ्यांनी धरून बसली आहेस. नौकेला त्याचा पत्ताही नाही, पोरी. दमलीस फक्त तू."

"आणि ही पडली," ती हळूच म्हणाली.

आबांनी पाण्याची बाटली मुलीच्या ओठांना लावली.

मग तिने विचारलं, "आणि सगळं पाहूनही सुटली तर?"

"तर पळू. मीसुद्धा पळेन. पण पळायला पायांत त्राण उरायला हवं की नको?"

मुलीचं रडणं आता हुंदक्यांवर आलं होतं. आई उठली आणि त्या पायरीवर एक फेरी मारून आली. बांध मुलीच्या छातीएवढा उंच होता. कोपऱ्यात एक जुनी विहीर होती, तिच्या तोंडावर मोठा दगड. तिने तो दोन्ही हातांनी ढकलून पाहिला, हलला नाही. काटेरी झुडूप एकच होतं, तेही लांब. एवढं पाहून ती परत आली आणि तिने दोरीची कडी सोडली.

मुलगी आधी जागची हललीच नाही. सुटलेल्या दोरीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि मग लंगडत बांधाकडे गेली.

आई झाडाखाली बसली, या वेळी आबांशेजारी, समुद्राकडे पाठ करून. खांदे अजून दुखत होते. घोकलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं, पण बाहेर पडलं ते दुसरंच.

"आबा, पुढच्या बंदरात नांगर मी टाकू? साखळी किती द्यायची, तेही मीच ठरवते."

"ठरव. आधी जागा पाहा," आबा म्हणाले आणि त्यांनी उरलेला टोमॅटो तिच्यापुढे सरकवला.

मध्ये एकदा तिची मान मागे वळलीच. नौका होती. तेवढ्यात बांधाकडून हाक आली, "आई, तो परत आलाय, ये ना!" ती उठून गेली, मुलीशेजारी उकिडवी बसली आणि दगडांच्या फटीत निरखून पाहू लागली.

सरड्याला खरोखरच शेपूट नव्हतं.