पोशाच्या दहाव्याचा कावळा

असा राजा दुसऱ्या कुणाच्याच गोष्टीत नाही, छातीठोक सांगतो. म्हणजे मला गोष्टी येतात दोनच, आणि त्यातली एक अर्धी. तर हा राजा होता खाडीकाठचा. पोट एवढं सुटलेलं, की पायात जोडे आहेत की नाहीत हे दुसऱ्याला विचारावं लागे. राज्य मात्र खाडीच्या पाण्याहून खाली. मध्ये मातीचा एक लांबलचक बांध. बांध आहे तर भात आहे, नाहीतर सगळीकडे खारं पाणी.

त्या बांधावर पोशा नावाचा एक गडी रोज फेरी मारायचा. खेकडे बांधाला बिळं पाडतात, बरं का. ती तो चिखलानं बुजवायचा. लोक त्याला खेकड्यांचा जावई म्हणून हसायचे. मग एका उधाणाला बांधाला खांड पडली. खांड म्हणजे भगदाडच. लोकांनी पेंढा टाकला, वाहून गेला. दगड टाकले, वाहून गेले. घरांची दारं उपटून आणली, तीही गेली. मग पोशा स्वतःच खांडीत आडवा झाला. पाणी थांबलं. ओहोटीला बघतात तर पोशा नाही. त्याच्या जागी माती, आणि मातीवर हिरवं गवत.

त्याची बायको द्वारकी. ती रडली नाही. नुसती त्या गवतावर हात फिरवत बसली.

दहाव्या दिवशी खाडीवर भाताचा पिंड ठेवला. कावळा आला, झाडावर बसला, पण शिवेना. मेलेल्याची काही इच्छा राहिली असली की असं होतं. मग राजा म्हणाला, बांधाला पोशाचं नाव देतो. कावळ्यानं पंख साफ केले. मग राजानं सोन्याचा पुतळा कबूल केला. कावळ्यानं पाठ फिरवली. मग गावानं दरसाल जत्रा भरवायची शपथ घेतली, आणि तमाशा कुठला आणायचा यावर तिथंच भांडण जुंपलं. कावळा जागचा हलला नाही.

द्वारकीला मात्र ऐकू येत होतं. कावळा पोशाच्याच आवाजात तिला एकटीला विचारत होता, बिळं आता कोण बुजवणार? तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उत्तर दिलं तर तो पिंडाला शिवेल आणि कायमचा जाईल. नाही दिलं तर फांदीवर का होईना, समोर तरी राहील. ऊन डोक्यावर आलं. भटजी कंटाळून दर्भाचा खोटा कावळा वळायला बसले. तिनं वर पाहिलं. खरा कावळा भुकेनं कलंडत होता, त्याचं एकेक पीस खाली गळत होतं. मग तिला राहवलं नाही.

"मी बुजवीन," ती म्हणाली. "जा तू आता."

कावळ्यानं एक शीत उचललं आणि तो खाडीपार उडाला. पार ठिपका होऊन दिसेनासा झाला. मग द्वारकी रडली. दहा दिवसांचं एकदम रडली. गावानं हात जोडले आणि पानं मांडली.

जेवून राजा ढेकर देत तिच्याकडे आला. म्हणाला, पोशा सुटला, राज्य वाचलं, आता सगळे सुखानं नांदू लागले असं सांगून टाकू, म्हणजे पोरं निवांत झोपतील.

द्वारकीनं डोळे पुसले आणि फावडं उचललं.

"पोरं झोपू देत, महाराज. पण बांध दीड कोसाचा, आणि मी एकटी. चार दिवसांवर पुन्हा उधाण आहे. तुम्ही कुठली बाजू बघता?"