नावेला न कळलेले प्रधान

कनकपूरच्या राजाचा हत्ती दरसाल नदीवर तोलत. हत्ती नावेत चढवायचा, पाणी लागेल तिथे दोन बोटं जाड डांबराची रेघ ओढायची, मग हत्ती उतरवून पाणी पुन्हा रेघेला लागेपर्यंत धोंडे भरायचे. धोंड्यांचं वजन तेच हत्तीचं.

त्र्यंबकपंत प्रधानांनी यंदा एकेक धोंडा गुंजेपर्यंत तोलून ठेवला होता. बेरीज होताच ते घाटावरच गरजले, "महाराज, हत्ती गेल्या सालापेक्षा तीन तोळे सात गुंजा कमी भरला! इब्राहिम माहुतानं चारा चोरला. हात तोडा त्याचा!"

राजानं मान डोलावली. तोच त्याच्या आत्याबाई कडाडल्या, "थांब! पंत, चढा त्या नावेत."

पंत धोंड्यांवर जाऊन बसले. पाणी होतं त्याच रेघेत राहिलं.

"बघ रे राजा! तुझा हा एवढा धष्टपुष्ट प्रधान नावेला कळला नाही, आणि तीन तोळे कळले? एवढ्यावर गरिबाचा हात तोडता? लाज नाही वाटत? नावेवर विश्वास असेल तर खुशाल तोड. पण मग तिच्या हिशेबानं तुला प्रधानच नाही!"