कालिंदीची शाईची चक्रं

एका राज्यात, जिथे उपयोगाविना कुणी काडीही उचलत नसे, कालिंदी नावाची एक बाई राहत असे. तिचा नवरा शिवदास दरबाराला शाई पुरवी. काजळी खलायची, डिंकाच्या पाण्यात घोटायची, दौती भरायच्या, हे दोघांचं काम. पण दुपारी हात रिकामे झाले की कालिंदी जुन्या खलित्यांच्या कोऱ्या पाठी घेऊन बसे आणि उरल्यासुरल्या शाईत बोरू बुडवून चक्रं काढी. मध्ये ठिपका, ठिपक्याभोवती पाकळ्या, पाकळ्यांभोवती जाळी, जाळीभोवती लाटा. तिची रीत अशी, की मनगट जागचं हलवायचं नाही, मांडीवरचा कागद फिरवायचा. ती चक्रं कुणी मागत नसे, कुणी पाहतही नसे. तेवढा वेळ ती सुखी असे, इतकंच.

एके दिवशी ऊर्णनाभ नावाचा मांत्रिक दरबारात आला. त्याने ओंजळीतून धुराचं एक चक्र सोडलं. ते छतापर्यंत वाढलं, त्यात हजार पाकळ्या उमलल्या आणि मिटल्या. राजा प्रतापकेतूने जांभई दिली.

"सुंदर आहे. पण याचा उपयोग काय?"

"काहीच नाही, महाराज."

"मग दरबाराचा वेळ का खाल्लास?"

मांत्रिकाचा चेहरा काळवंडला. "राजा, तुझ्या राज्यात उपयोगाचं एकही चाक यापुढे फिरणार नाही," एवढं बोलून तो निघून गेला. जाताना आपली बोलकी साळुंकी तो सिंहासनाच्या पाठीवर ठेवून गेला.

त्याच क्षणी जाती थांबली, रहाट थांबले, तेल्यांचे घाणे आणि गाड्यांची चाकं जागच्या जागी रुतली. लोक अख्खे दाणे उकडून खाऊ लागले. मळे वाळले. दहाव्या दिवशी म्हातारी माणसं अंथरुणाला खिळली. राजाने दवंडी पिटवली, की ज्याच्या घरी काहीही फिरत असेल त्याने येऊन सांगावं.

शिवदास धावत गेला. बायकोला विचारावं हे त्याच्या मनातही आलं नाही.

"महाराज, माझ्या बायकोच्या मांडीवर कागद फिरतो."

कालिंदीला दरबारात आणलं. तिची चक्रं पाहून राजाच्या कपाळाला आठी पडली, पण साळुंकीने मान वाकडी केली.

"हिचा कागद निरुपयोगी, म्हणून तो सुटला," साळुंकी म्हणाली. "हिने तीन थांबल्या चाकांवर बोरू टेकवावा. जातं, रहाट आणि तिसरं राजा सांगेल ते. सूर्य मावळायच्या आत तिन्ही फिरली, तर शाप सुटेल. एक जरी राहिलं, तर सगळी पुन्हा थांबतील."

"आणि मला काय द्यावं लागेल?" कालिंदीने विचारलं. दरबारात हे विचारणारी ती एकटीच होती.

"फिरणं कुठून तरी यायला हवं, बाई. दर चाकामागे तुझ्या हौसेचा तिसरा हिस्सा जाईल. हात राहील, कसब राहील."

राजा हसला. "एवढंच? मला वाटलं, प्राणच द्यावा लागेल."

तेव्हा शिवदास तिच्या कानाशी लागला. "अगं, करून टाक ना. तुला आवडतंच की ते."

तिने त्याच्याकडे पाठ फिरवली. मग बाहेर उकडलेल्या दाण्यांसाठी उभी असलेली रांग तिला दिसली, आणि तिने बोरू उचलला.

जात्यावर तिने पीठ मनात आणलं नाही. छिन्नीच्या घावांमधून वाट काढत ती पाकळ्या काढू लागली. मनगट स्थिर होतं आणि जड दगड कागदासारखा तिच्या बोरूखालून सरकू लागला. पहिला वेढा पुरा झाला तसं गावभरची जाती घरघरली. ओल्या शाईचा वास एरवी तिला गोड लागे. आता तो नुसता वास होता.

रहाटाच्या ओल्या लाकडावर तिने लाटा काढल्या. पाणी चढलं, माणसं ओंजळी भरून प्यायली. लाटा रेखीव झाल्या होत्या. त्या झाल्या म्हणून तिला काही वाटलं नाही.

"तिसरं चाक धान्याच्या गाडीचं असू द्यावं, महाराज," ती म्हणाली.

"आधी राजाचा रथ," प्रतापकेतू म्हणाला. "दहा दिवस मी पायी चालतो आहे."

तिला संताप आला. त्याच रागात तिने रथाच्या चाकावर बोरू टेकवला, पण चाक हलेना. सूर्य कलला. राजा ओरडला, शिवदासने हात जोडले. कालिंदीला दोघांचाही वीट आला, तिने मान खाली घातली, आणि चाकाच्या मधल्या तुंब्याजवळ लाकडात एक गाठ दिसली. गाठीभोवती लाकडाच्या रेषा आपसूक वळल्या होत्या. त्या पुढे न्याव्यात असं तिला वाटलं, उगीचच. तिने एक रेघ ओढली, दुसरी ओढली, भान हरपलं. चाक फिरलं. राज्यातली सगळी चाकं फिरली. मांत्रिकाची साळुंकी उडून गेली, आणि कालिंदीच्या मनातून काहीतरी असं अलगद गेलं की रडूही आलं नाही.

पुढे सगळं सुरळीत झालं. मळे पिकले, बाजार भरले, राजा रथातून हिंडला. त्याने कालिंदीला राजचित्रकर्तीचा मान दिला आणि फर्मान काढलं, की दरवर्षी राज्यातल्या मोठ्या चाकांवर तिने चक्रं काढावीत, म्हणजे पुन्हा असं संकट येणार नाही. ती काढी. एकही रेघ चुकत नसे. दुपारी रिकाम्या वेळी मात्र ती तांदूळ निवडत बसे.

एकदा चाकांवरची तिची चक्रं बघून आलेली शेजारीण ओट्याशी थांबली. "भाग्याची गं तू, कालिंदी. आवडीचं काम मिळालं. अजून तेवढंच आवडतं ना?"

कालिंदीने तांदळातला खडा बाजूला काढला.

"येतं मला," ती म्हणाली.