ओत्तू धरणारा

"...मग मेलं कुणाच्या हातात? एवढं तरी सांगा, अय्या."

कलियमूर्तीच्या हातातली कॉफी केव्हाच निवली होती. चेन्नईहून पहाटे निघून तो कावेरीकाठच्या या खेड्यात आला होता आणि आल्यापासून एकच गोष्ट धरून बसला होता. तमिळ सिनेमाचं गाणं मेलं. कुणी मारलं ते सांगा.

सभापती पिल्लै ओट्यावरच्या चटईवर भिंतीला टेकून बसले होते. सभापती हे त्यांचं नावच, हुद्दा नव्हे. नव्वदी गाठलेला माणूस, तोंडात एक दात नाही. उशाशी काळा डबा ठेवलेला. श्रुतीचा डबा तो, सकाळपासून एकच सूर गुणगुणत होता.

"हा जरा बंद करू का?" कलियमूर्तीनं विचारलं. "बोलणं ऐकू येत नाही."

"असू दे."

म्हातारा एवढंच बोलला.

कलियमूर्ती म्हणजे काही साधी असामी नव्हे. एके काळी त्याच्या गाण्याशिवाय तमिळ मुलखात चहाचं दुकान उघडत नसे की लग्नाची वरात निघत नसे. सिनेमाचा मोठा संगीतकार होता तो. आता पासष्टीला टेकल्यावर त्याला शाली फार मिळत, काम कुणी देत नसे.

पण पोरवयात तो याच ओट्यावर नादस्वरम शिकला होता. नादस्वरम म्हणजे आपल्या सनईची थोरली बहीण म्हणा. देवळात वाजलं की चार गल्ल्यांपलीकडे कळावं. आपल्याकडे सनईवाल्याच्या मागे एक जण नुसता सूर धरून बसतो ना, तसा तिथेही असतो. त्याच्या बिनभोकाच्या लांब नळीला ओत्तू म्हणतात. गुरू पुढे वाजवणार आणि पोरगं मागे गाल फुगवून तासन् तास एकच सूर धरणार. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. कलियमूर्तीचं सगळं पोरपण सभापती पिल्लैंच्या पाठीमागे असं गेलं.

विशीत तो सिनेमासाठी मद्रासला निघाला. पाया पडायला वाकला तेव्हा पिल्लैंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. शिव्या नाहीत आणि आशीर्वादही नाही.

तरी तो दर पोंगलला येत राहिला. केळीचा घड आणि धोतरजोडी घेऊन यायचा. म्हातारा पावसापाण्याची चौकशी करायचा, गुडघ्यांची रड सांगायचा. गाण्याबद्दल मात्र अवाक्षर काढायचा नाही. यानंही कधी विषय काढला नाही. तेवढी छाती नव्हती.

आज पोंगल नव्हता. आज त्यानं केळीही आणली नव्हती.

"काय दिवस होते, अय्या. एवढाल्या हॉलमध्ये चाळीस व्हायोलिनं बसायची. समोर कोरसच्या बायका, कोपऱ्यात ढोलवाले. एकाचं चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. माणसं घाम पुसायची आणि पुन्हा उभी राहायची. गाणं सगळ्यांच्या अंगातून निघायचं."

"हं."

"आता एक खोली, एक पोरगं आणि एक यंत्र. गाणारी मुंबईत, बासरीवाला परदेशात. कुणी कुणाचं तोंड बघत नाही. सूर चुकला तर यंत्र ओढून जागेवर आणतं. शब्द तर विचारूच नका, नुसते आपटबार. पूर्वी बैलगाडीवाला पण गाण्याचा अर्थ सांगायचा..."

"माझ्या वडिलांना विचारलं असतंस," पिल्लै मधेच म्हणाले, "तर सांगितलं असतं त्यांनी. सभापतीच्या हातात मेलं म्हणून."

"तुमच्या?"

"देवळात पहिल्यांदा माइक लावला, त्यापुढे मी उभा राहिलो. नादस्वरमला माइक लागायला लागला म्हणजे गाणं संपलं, म्हणाले. देवाची पालखी सोडून घरी निघून गेले."

कलियमूर्तीला हसू आलं. म्हातारा हसला नाही.

"आणि मला विचारलं असतंस तर..."

"तर?"

"तुझं नाव सांगितलं असतं."

इतकी वर्षं जे ऐकायची भीती होती ते म्हाताऱ्यानं पाऊसपाणी सांगावं तसं सांगून टाकलं होतं.

"चाळीस माणसं मिळून एकाचं काम करतात, असं म्हणायचो मी. गावभर म्हणायचो."

दारात पिल्लैंची मुलगी तैयल येऊन उभी राहिली. साठीच्या घरातली बाई, आडपडदा तिला माहीत नव्हता. गार झालेली कॉफी उचलता उचलता तिनं विचारलं, "अण्णा, खोलीतलं ते पोरगं म्हणजे आपला इळंगोच ना?"

कलियमूर्तीनं मान डोलावली.

इळंगो त्याचा मुलगा. तोही संगीतकार, आणि आज चहाची दुकानं त्याच्या गाण्यावर उघडत होती. दोन वर्षांपूर्वी एका सत्कारात कुणीतरी कलियमूर्तीला विचारलं, मुलाचं संगीत कसं वाटतं? हा शाल सावरत म्हणाला, आवाज तर गिरणीतही होतो, त्याला कुणी गाणं म्हणत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इळंगो पहिल्या रांगेत बसला होता. तो उठून गेला आणि त्या महिन्यात त्यानं वेगळं घर केलं. आईला फोन करायचा. बापाला नाही.

"परवा फोन आला त्याचा," कलियमूर्ती खाली बघत म्हणाला. "मला. म्हणतो, अप्पा, एका गाण्यात तुम्ही हवे."

"बरं झालं," तैयल म्हणाली.

"काय बरं झालं? काय वाजवायला बोलावतोय ते विचार ना. ओत्तू! गाण्याखाली नुसता सूर धरा म्हणतो. यंत्राचा सूर बसत नाही म्हणे." त्याचा आवाज चिरकला. "चाळीस व्हायोलिनं एका बोटावर चालवणारा माणूस मी, अय्या. या वयात पोराच्या मागे बसून गाल फुगवू?"

खरं दुखणं हे होतं. त्याला नाही म्हणायचं होतं आणि एकट्यानं नाही म्हणवत नव्हतं. गुरूनं सांगितलं, जाऊ नको, तर सुटल्यासारखं झालं असतं. या ओट्याइतका करारी नकार दुसरीकडे कुठे मिळणार, अशा हिशेबानं तो आला होता.

"मेलेल्या गाण्याला सूर काय धरायचा? तुम्हीच सांगा."

"ऐकव," पिल्लै म्हणाले.

"काय?"

"पोराचं गाणं. आहे ना त्या फोनमध्ये?"

कलियमूर्तीनं नाखुशीनंच फोन काढला. गाणं सुरू झालं. डब्याच्या सुरावर त्याचे ठोके आपटायला लागले. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. गाणं संपलं तेव्हा त्यांनी हात हलवला, पुन्हा लाव. पुन्हा सगळं ऐकलं.

"श्रुतीला पक्कं आहे."

"यंत्र आहे ते. पक्कं असणारच."

"पण कुणी कुणाचं ऐकत नाहीये त्यात."

कलियमूर्ती सावरून बसला. "तेच तर मी म्हणतोय, अय्या..."

"एकट्यानं बसून केलंय." पिल्लैंनी डोळे उघडले. "का रे... एकटा का बसला तो?"

...

वाफ्यात कुणीतरी पाणी सोडलं होतं, त्याचा आवाज येत होता. कलियमूर्तीला उत्तर माहीत होतं. कुठेतरी बघायचं म्हणून त्यानं डब्याकडे बघितलं.

"हा कधी आणलात?" त्यानं उगाच विचारलं.

"तू गेलास तेव्हा. आधी भात्याचा होता, तैयल हातानं चालवायची. मग हा विजेचा आला."

"गावात पोरं होती की. एखाद्याला मागे बसवायचं."

"आली होती एकदोघं. नाही बसवलं."

"का?"

"डबा उठून जात नाही."

म्हाताऱ्यानं डब्यावर हात ठेवला.

"चांगला आहे डबा. दमत नाही, भूक लागत नाही त्याला. सूर तसूभर हलत नाही. तुझा हलायचा."

"मुखारीला," कलियमूर्ती म्हणाला.

मुखारी हा त्यांच्याकडचा दुःखाचा राग. म्हातारा तरुणपणी तो असा वाजवायचा की ऐकणाऱ्याला रडू यावं.

"मुखारीला," पिल्लैंनी मान हलवली. "मी आळवायला लागलो की मागे तुझा ओत्तू थरथरायचा. मी चिडायचो."

"चापट्या मारायचात."

"मारायचो. मग डबा आला. पहिल्या दिवशी मुखारी वाजवला... सूर जागचा हलला नाही. तेव्हा कळलं, तू ऐकत होतास."

कलियमूर्तीनं मान खाली घातली.

दारातून तैयल म्हणाली, "अण्णा, रेडिओवर तुमचं गाणं लागलं की अप्पा डबा बंद करायचे. ते संपेपर्यंत चालू करू द्यायचे नाहीत."

"माझं गाणं?"

"प्रत्येक."

कलियमूर्तीनं म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हाताऱ्यानं जुन्या सवयीनं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

"अय्या, एक शब्द..." घरी कपाटभर शाली पडल्या होत्या. त्या सगळ्या एका बाजूला आणि हे एवढं वाक्य एका बाजूला. तरुणपणी हे कानावर आलं असतं तर तो इतका ताठ झाला नसता, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसलं, आणि पोटच्या पोराला चारचौघांत काय बोललो तेही दिसलं. तो मोठ्या माणसासारखा रडला नाही. नाक ओढत रडला.

"एक शब्द सांगायचा होतात मला."

"दर पोंगलला ठरवायचो," म्हातारा भिंतीला म्हणाला. "तू यायचास. मी केळी घ्यायचो... मग म्हणायचो, पुढच्या पोंगलला सांगू."

कलियमूर्तीनं हातानंच नाक पुसलं.

मग सभापती पिल्लैंनी हात लांब करून डबा बंद केला.

घर एकदम रिकामं झालं. तैयल दचकून पुढे आली. तो सूर तिच्या इतका अंगवळणी पडला होता की तो थांबल्यावर बापालाच काही झालं असं तिला वाटलं.

म्हातारा भिंतीपासून सरकून ताठ बसला. नादस्वरम फुंकायला छातीत वारा उरला नव्हता. बोळक्या तोंडानं त्यांनी नुसतंच गुणगुणायला घेतलं. मुखारी. मागे वळून त्यांनी बघितलं नाही.

कलियमूर्ती उठला. त्याचे गुडघे कडकडले. तो म्हाताऱ्याच्या पाठीमागे गेला आणि पोरपणी बसायचा त्या जागी मांडी घालून बसला. हातात ओत्तू नव्हता, म्हणून गळ्यानंच सूर धरला.

एवढी कीर्ती मिळवलेला माणूस, पण त्या पाठीमागे बसल्यावर त्याला बरं वाटलं. इथे कुणी आपल्याकडे बघणार नाही याचंच बरं वाटलं. पुढे म्हातारा चाचपडत होता, मधेच सूर निसटत होता, पुन्हा सापडत होता. हा मागून त्याला धरून होता. श्वास अपुरा पडायला लागला. मग ती जागा आली, पूर्वी जिथे चापट बसायची, आणि तिथे त्याचा सूर थरथरला.

पिल्लै थांबले.

"थांबू नका, अय्या," कलियमूर्ती मागून म्हणाला. "मी धरतो. चार दिवस राहतो मी इथे. रोज बसतो मागे."

म्हातारा वळला नाही. त्यांचे खांदे हलल्यासारखे वाटले. मागे बसलेल्याला तोंड दिसत नाही.

"चेन्नईची गाडी किती वाजता आहे?"

"असेल संध्याकाळी. पण मी कुठे..."

"पोरगं तुझ्यासाठी थांबलं असेल."

...

"अय्या, तुम्ही एकटेच..."

"ऊठ, कलिया," सभापती पिल्लै म्हणाले. "जाताना तेवढा डबा लावून जा."