सोपानने डेअरीतलं जुनं काढलं

एका तालुक्याच्या गावात एक भोळा सॉफ्टवेअरवाला होता. सोपान त्याचं नाव. सांगाल तेवढंच करायचा आणि सांगाल तसंच करायचा. अशा माणसाला आपल्याकडे नोकरी लगेच मिळते. त्यालाही मिळाली.

त्याच्या साहेबांनी, म्हणजे विश्वासरावांनी, दूध डेअरीसाठी प्रोग्राम बनवला होता. बाईने दूध घातलं की वजन आणि फॅट त्याने आपोआप घ्यायचं आणि पावती छापून द्यायची. टँकरवाल्यांनी बजावलं होतं, "सोमवारपासून छापील पावती नसेल तर दूध उचलणार नाही." सोमवारी प्रोग्राम चालला नाही, तर गावातल्या सगळ्या बायकांचं दूध नासणार होतं.

साहेब म्हणाले, "सोपान, डेअरीत प्रोग्राम बसवून ये."

सोपान गेला आणि बसवून आला. प्रोग्राम काही चालेना.

"अरे, वजनाचा भाग, फॅटचा भाग, पावतीचा भाग कुठे आहेत?"

"तुम्ही प्रोग्राम म्हणालात."

"त्या भागांच्या आधारानेच तो चालतो! यापुढे काहीही ने-आण करशील, तर ते ज्याच्या आधाराने चालतं ते सगळं सोबत घे."

"बरं साहेब."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला डेअरीच्या चेअरमनना ऑफिसात आणायला पाठवलं. हे डुबल अण्णा, साहेबांचे सासरे. डेअरी निघाली तेव्हापासून तेच खुर्चीवर. थोड्या वेळाने ऑफिससमोर टेम्पो थांबला. त्यातून अण्णा उतरले. पाठोपाठ त्यांना गोळ्या देणाऱ्या काकू, कागद वाचून दाखवणारा भाचा, अण्णांची खुर्ची आणि एक म्हैस उतरली.

"म्हैस कशाला आणलीस?"

"अण्णा डेअरीवर चालतात साहेब. डेअरी दुधावर चालते."

म्हशीने तोवर दारातल्या कुंड्या साफ केल्या होत्या. साहेबांनी कपाळावर हात मारला. "ऑफिसात खुर्च्या नाहीत का? जायचं तिथे जे आधीच असेल, ते पुन्हा आणायचं नाही!"

"बरं साहेब."

मग सोपान पुन्हा डेअरीत गेला. तिथला कॉम्प्युटर एका पोल्ट्रीवाल्याकडून जुना घेतलेला. त्यात पावतीचा भाग आधीच होता. सोपानला फार आनंद झाला. आपला भाग त्याने खिशातच ठेवला. सगळ्यात आधी हौसाबाईंनी दूध घातलं. पावती आली: दूध, अर्धा डझन.

"का रं, माझी म्हस अंडी घालती व्हय?" हौसाबाई कडाडल्या.

साहेबांनी तो कॉम्प्युटरच बदलून टाकला आणि सोपानसमोर हात जोडले. "बाबा, जुनं दिसलं की आधी ते काढायचं. त्याच्या आधाराने जे जे चालतं तेही काढायचं. काही मागे ठेवायचं नाही. मगच नवं बसवायचं. कळलं?"

"कळलं साहेब." आणि खरंच, या वेळी त्याला नीट कळलं होतं.

सोमवार उजाडला. मांडव पडला, बँड आला, टँकर उभा राहिला. बायका कॅन घेऊन रांगेत थांबल्या. खिशात पेनड्राइव्ह घेऊन सोपान डेअरीत शिरला आणि जुनं काय आहे ते पाहू लागला. कॉम्प्युटर नवा. काटा नवा. फॅट मशीन नवं. खुर्चीत अण्णा.

"अण्णा, टेम्पोत बसायचंय," सोपान म्हणाला.

टेम्पोला हार बांधलेला होता. अण्णांना वाटलं, मिरवणूक आहे. ते लगेच चढले. मग अण्णांच्या आधाराने चालणारे चढले. काट्यावरचा मेहुणा. फॅट मशीनवरचा भाचा. गल्ल्यावरचा साडू. कशासाठी बसायचं, हे एकानेही विचारलं नाही. टेम्पो चालवायला पुतण्या होताच.

"साहेब, तुम्हीपण."

जावई मागे कसा राहणार? साहेब फेटा सावरत चढले.

सोपानने डेअरीत डोकावून पाहिलं. आत कोणीच उरलं नव्हतं. त्याला बरं वाटलं. मग त्याने स्वतःकडे पाहिलं. आपण कोणाच्या आधाराने चालतो? साहेबांच्या. काही मागे ठेवायचं नाही, असं बजावलं होतं. तोही चढला आणि पुतण्याला म्हणाला, "गावाबाहेर घे."

टेम्पो तालुक्याची हद्द ओलांडून गेला, तरी अण्णा रस्त्यावरच्या लोकांना हात दाखवत होते.

इतक्यात हौसाबाईंचा फोन आला. मागून टँकरचा हॉर्न ऐकू येत होता.

"आरं सोपान, टँकर निघाला बघ! सगळं दूध नासंल! जुनं गेलं ते बघितलं आमी. नवं कुठं हाय?"

"माझ्या खिशात, मावशी."

"मग ये की बिगीबिगी! तू कुठं हायस?"

"मी जुन्यात आलोय."