प्लेअरची पारख

"मग यांतला कुठला प्लेअर ठेवू, बुवा?"

मोरेश्वरबुवा झोपाळ्यावर मटाराच्या शेंगा सोलत बसले होते. मंगळवार होता, नेहमीसारखाच. त्यांनी मान वर केली नाही.

बुवांच्या गायनवर्गासाठी हेरंबने एक जुना कॉम्प्युटर आणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स चढवलं होतं. जुन्या कॅसेटींमधलं गाणं त्यात भरायचं होतं. पण वाजवायचं कुठल्या प्रोग्रॅमवर, हेच ठरत नव्हतं आणि तेवढ्यावर सगळं काम अडून राहिलं होतं.

"हा हलका आहे, पण खर्ज पातळ लागतो. तो दुसरा काहीही वाजवतो, पण दिसायला गबाळा. तिसऱ्यात..."

"मुली बघायला निघालायस का रे?" बुवा म्हणाले. "एकीचं नाक, दुसरीचा रंग."

"लिनक्सवर हेच तर सुख आहे, बुवा. निवड आपली. आणि वाजवायचं तर नीटच वाजवावं. तुम्हीच शिकवलंत."

आत फोन वाजला. बुवा उठून गेले.

परत आले, आणि त्यांनी सोललेले दाणे टरफलांच्या टोपलीत ओतले. आपण काय केलं, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"वामन गेला. पहाटे."

वामन सावंतवाडीचा, हेरंबचा गुरुबंधू. याच खोलीत दोघे एका तंबोऱ्यावर सा लावायला शिकले होते.

बुवा झोपाळ्यावर टेकले.

"त्याचं गाणं आहे यात," हेरंब म्हणाला. "त्यानेच पाठवलं होतं, दिवाळीत. मी सगळे प्लेअर त्यावरच तपासले."

"ऐकलंस?"

"कितीदा तरी! पाठ आहे मला. तंबोऱ्याची जवारी, मग वामनचा पहिला श्वास... या प्लेअरवर तो श्वाससुद्धा स्वच्छ येतो."

"आणि पुढे?"

हेरंब पडद्यावरच्या यादीकडे वळला.

"पुढे काय गायलाय तो?"

"पारखायला... सुरुवात पुरते, बुवा."

बुवा उठले. चष्मा न लावताच त्यांनी बोट पुढे केलं. "कुठे दाबायचं?"

"कशावर लावू?"

बुवांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. हेरंबने हाताला आला तो प्लेअर उघडला.

तंबोरा. श्वास. मग हेरंबने कधीच न ऐकलेला वामन. आवाज थकलेला होता, स्थायी कशीबशी पार पडली. मग नुसता तंबोरा. आणि मग वामन बोलू लागला.

"हेरंबा, अंतऱ्याला गळा चढत नाही रे आता. बोलही विसरलो. बुवांना कुठल्या तोंडानं विचारू? तू फोन कर आणि तेवढा म्हणून दाखव. संध्याकाळी मी घरीच असतो."

तंबोरा आणखी थोडा वेळ वाजत राहिला, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखा. मग थांबला.

हेरंबला मान वर करवेना. पडद्यावर सगळे प्लेअर ओळीने मांडलेले होते. त्याने घसा साफ केला.

"बुवा... आता म्हणू?"

बुवा टोपलीपाशी बसले होते. टरफलांतून एकेक दाणा वेचत ते म्हणाले,

"अंतरा राहिला, हेरंबा."